गिलाव्याआधी उरकायचं काम: नव्या घरातल्या नेट, कॅमेरा आणि बेलच्या वायरी

नाशकातल्या मखमलाबादला आमच्या घराचा पहिला स्लॅब पडायच्या आदल्या संध्याकाळी मी खडू आणि नकाशा घेऊन सेंट्रिंगवर चढलो होतो. वायरमन पाइप बांधत होता. सळयांवर पडलेल्या माझ्या जादा पाइपांकडे बघून म्हणाला, "काका, लाईटीचे पाइप झाले सगळे. हे कशाचे?"

"नेटचे."

"नेट आता हवेतून येतं, काका."

येतं, पण राउटरपासून मोबाईलपर्यंतच. राउटरपर्यंत ते बहुतेक घरांत तारेतूनच येतं. आणि एका राउटरचं वाय-फाय स्लॅब ओलांडून वरच्या मजल्यावर, त्यातही बाथरूमपलीकडच्या खोलीत पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. शिवाय कॅमेऱ्याला, दाराच्या फोनला, गच्चीवरच्या टाकीच्या सेन्सरला तार लागतेच.

मी ओझरला विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये, इलेक्ट्रिकल विभागात ३१ वर्षं काढली. तिथला बहुतेक कारभार २८ व्होल्ट डीसीचा. म्हणजे कमी दाबाच्या वायरी हाच माझा पोटापाण्याचा धंदा. विमानात बिननावाची वायर नसते. प्रत्येकीवर थोड्याथोड्या अंतराने नंबर छापलेला असतो, कारण दहा वर्षांनी ती उघडणारा माणूस वेगळा असतो. घर बांधताना तिथलं बरंच कामी आलं आणि तरीही दोन-तीन ठिकाणी मी सपशेल आपटलो. दोन्ही सांगतो.

एक शब्द आधी निस्तरून घेऊ. वायरमनच्या पुस्तकात २३० व्होल्टसुद्धा 'लो व्होल्टेज'च असतं. आपण बोलतोय ते ५० व्होल्टच्या आतबाहेरचं: नेट, कॅमेरे, डोअरफोन, टीव्हीची केबल, १२ किंवा २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या. साइटवर नुसतं 'लो व्होल्टेज' म्हणाल तर घोटाळा होईल. सरळ 'नेटचे पाइप', 'कॅमेऱ्याचे पाइप' असं म्हणा. आणि २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनचंच. त्यात आपण हात घालायचा नाही.

नकाशावर माणसं बसवा

आर्किटेक्टच्या नकाशाची एक प्रत काढा आणि त्यावर पॉइंट नको, आधी माणसं बसवा. आमच्या सूनबाई आठवड्यातले चार दिवस घरून काम करतात, त्यांचं टेबल कुठे? टीव्ही कुठल्या भिंतीला? पाच वर्षांनी नातू अभ्यासाला कुठे बसेल? मग रंगीत पेन्सिली घ्या. मी लाल रंगाने २३० व्होल्ट, निळ्याने नेट आणि हिरव्याने टीव्ही-डिश काढलं. लाल आणि निळी रेघ कुठे शेजारून धावतात ते कागदावरच दिसतं, आणि कागदावर खोडरबर चालतो.

काम करायच्या टेबलापाशी एक नव्हे, दोन नेटच्या केबल द्या. टीव्हीमागे दोन नेटच्या आणि एक आरजी-६ कोॲक्स, म्हणजे डिशची ती जाड गोल केबल. प्रत्येक मजल्याच्या मधोमध, पॅसेजच्या छताला, वाय-फायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या छोट्या डब्यासाठी, एक. त्याला वीजही त्याच केबलमधून जाते, त्यामुळे छताला वेगळा प्लग लागत नाही. मग गेट, पार्किंग, मागची बाजू आणि गच्चीचं दार अशा चार कॅमेऱ्यांच्या. लोक हमखास विसरतात त्या दोन जागा म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर आणि पाण्याची टाकी. सोलरवाल्याला नेट लागतं, आणि टाकीच्या सेन्सरची बारीक वायर गच्चीवरून थेट मोटरच्या स्टार्टरपर्यंत यायला हवी. तिला पाइप नसला की ती खिडकीच्या गजांतून लोंबकळत येते. नाशकातल्या कुठल्याही कॉलनीत मान वर करून बघा.

आमच्याकडे असे १४ पॉइंट निघाले. सरासरी १५ मीटर धरले तर २१० मीटर, वर सैल सोडायची लांबी. म्हणजे केबलची ३०५ मीटरची एक पेटी पुरते.

या सगळ्या वायरी एकाच जागी यायला हव्यात. ती जागा जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नको. गच्चीच्या खोलीतही नको. मे महिन्यात तिथे भट्टी होते. बाथरूमच्या भिंतीला तर नकोच. आम्ही तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, कपाटामागच्या भिंतीत दीड बाय दोन फुटांची पेटी बसवली. तिच्यात चार सॉकेट दिले, आणि हवा खेळावी म्हणून दाराला जाळी. पेटी लोखंडी असेल तर वाय-फायचा राउटर आत कोंडू नका, लहरी आतच अडकतात.

पाइप हेच खरं काम

केबल दहा-पंधरा वर्षांनी जुनी होईल. तेव्हा काय येईल ते मला सांगता येणार नाही. भिंतीतला पाइप मात्र घराइतकाच टिकतो. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर केबलवर वाचवा, पाइपवर नको.

पाइप आयएसआय शिक्क्याचा, २५ मिलिमीटरचा, मीडियम जाडीचा घ्या. २० चा स्वस्त पडतो आणि वायरमन तोच आणतो. पण पाइप ४० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही. कॅट-६, म्हणजे आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्यांची नेटची केबल, साधारण ६ मिलिमीटर जाड असते, त्या हिशोबाने २५ च्या पाइपात चार झाल्या की पुरे. मी तीनवर थांबलो. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनाची दोनच वळणं ठेवा. तिसरं येत असेल तर मध्ये केबल ओढायला एक बॉक्स द्या. एल्बो अजिबात नको, लांब बेंड घ्या नाहीतर स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. एल्बोतून लाईटीची वायर जाते, नेटची केबल तिथे मोडते. तिच्या वळणाची त्रिज्या जाडीच्या चौपट तरी हवी, म्हणजे एक इंच.

स्लॅबमध्ये पाइप खालच्या आणि वरच्या सळयांच्या मध्ये येतो. दर दोन-तीन फुटांवर बाइंडिंग वायरने बांधायचा, प्रत्येक जोडाला सोल्युशन लावायचं, आणि बॉक्समध्ये कागद कोंबून वरून टेप मारायची. आणि स्लॅब पडत असताना आपला एक माणूस तिथे उभा हवा. फक्त पाइपांवर नजर ठेवायला.

मी त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो. तासाभरात परत आलो. तेवढ्या वेळात घमेलं घेऊन जाणाऱ्या कुणाचा तरी पाय पडला असेल, नाहीतर व्हायब्रेटरची सुई लागली असेल. वरच्या अभ्यासाच्या खोलीचा जोड सुटला. कळलं कधी? सेंट्रिंग उतरल्यावर. पाइप मोकळा आहे का बघायला जीआय तार (जस्त चढवलेली लोखंडी) आत घातली, ती सात फूट गेली आणि टक्कन थांबली. मागे घेतली तर टोकाला सिमेंटचा राखाडी लगदा सुकलेला. दुसऱ्या टोकाने घातली, तिथूनही थांबली. मध्ये फूटभर दगड. स्लॅब फोडायचा नसतो, त्यामुळे विषय तिथेच संपला. म्हणून महत्त्वाच्या खोलीला दोन पाइप द्या, वेगवेगळ्या वाटेने. मी मुख्य बेडरूमला दोन दिले होते आणि अभ्यासाच्या खोलीला एक. नेमका तोच गेला.

विटांचं काम झालं की झिऱ्या, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत पाडलेल्या खाचा. कटर मारूनच घ्या. छिन्नी-हातोड्याने चार इंची भिंत हादरते. इथे एक गणित आहे. भिंतीला उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांश खोल चालते, आडवी मात्र एक षष्ठांशच. चार इंची म्हणजे १०० मिलिमीटरच्या भिंतीत उभी ३३ मिलिमीटर झाली, त्यात २५ चा पाइप बसतो. आडवी १६ मिलिमीटर, त्यात बसत नाही. म्हणून चार इंची भिंतीत आडवा पाइप नेऊच नका, वर स्लॅबमधून आणा आणि सरळ खाली सोडा. याचा आणखी एक फायदा होतो: पुढे कधी खिळा ठोकताना पाइप बॉक्सच्या सरळ वरच असणार हे ठाऊक असतं. झिरी भरल्यावर वर कोंबडीजाळी मारून मगच गिलावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पाइपाच्या रेषेत तडा दिसतो.

लाईटीचा पाइप आणि नेटचा पाइप शेजारून धावत असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. आणि दोन्ही वायरी एका पाइपात किंवा एका बॉक्समध्ये कधीच नको. वायरमन म्हणेल, "काय होतंय काका, थोडंसंच तर आहे." सिग्नलमध्ये खरखर येते हे राहू द्या. कुठे इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट बेलच्या बटणावर येतात, आणि बेलचं बटण शाळेतून आलेलं पोर ओल्या हाताने दाबतं.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी दोन तास काढा. प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, पण मोजपट्टी धरून. मिस्त्रीने जमिनीपासून मीटरभर उंचीवर मारलेली लेव्हलची रेघ आणि खोलीचा कोपरा फोटोत यायलाच हवा, नाहीतर नंतर ती कुठली भिंत तेच कळत नाही. मी शंभर पानी वहीत प्रत्येक पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे तेही लिहिलं. वर्षभराने गिझर बसवायला आलेल्या माणसाने ड्रिल नेमकं टाकीच्या सेन्सरच्या पाइपावर टेकवलं होतं. वही आणून दाखवली, तो चार इंच सरकला.

केबल घेताना पातं जवळ ठेवा

घरासाठी कॅट-६ पुष्कळ झाली. १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आणि ५५ मीटरच्या आत दहा गिगाबिटही चालतं. एवढं लांब घर कुणाचं असतं? पण ती शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास विकली जाते. पेटीवर बारीक अक्षरात 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं.

एम. जी. रोडला एका दुकानात मला अशीच पेटी दाखवली. उचलल्यावरच शंका आली, फारच हलकी. दुकानदाराला म्हटलं वीतभर तुकडा द्या. वरचं आवरण काढलं, एक तार वेगळी केली आणि ब्लेडच्या पात्याने खरवडली. वरचा लालसर थर निघाला आणि आत चांदीसारखं पांढरं. दुकानदार म्हणाला, "सगळे हीच नेतात." नेत असतील. ॲल्युमिनियमचा विरोध जास्त, त्यामुळे कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली की ती तापते. आणि जॅकमध्ये दाबून बसवताना दोन-तीनदा वाकली की तार तुटते, तीही आवरणाच्या आत, बाहेरून दिसत नाही. शेजारच्या दुकानात खरी मिळाली.

घराबाहेर जी केबल उन्हात जाणार ती काळ्या पॉलिथिन आवरणाची वेगळी मिळते, तीच घ्या. आतली पांढरी-निळी केबल गच्चीच्या उन्हात कडक होऊन तडकते. आमच्याकडे खारी आहेत, त्या कुठलीही केबल कुरतडतात, म्हणून बाहेर पूर्ण लांबी पाइपातूनच.

ओढणं, नंबर घालणं, तोंडं करणं

केबल ओढायची वेळ म्हणजे पुट्टीचा पहिला हात झाल्यावर आणि शेवटच्या रंगाच्या आधी. दोघं लागतात: एक ओढायला, दुसरा दुसऱ्या टोकाने आत सारायला आणि पेटीतली केबल सुटी करून द्यायला. जीआय तारेला केबलची टोकं एकाच जागी बांधू नका, दोन-दोन बोटं पुढेमागे बांधा, म्हणजे गाठ जाड होत नाही. तेल नको, साबण नको. टाल्कम पावडर चोळा. जोर किती? मर्यादा साधारण ११ किलोची. भरलेली कळशी उचलायला लागतो त्याहून जास्त जोर लागला तर थांबा. आत काहीतरी अडलंय. हिसका दिलात तर केबल येईल, पण आतल्या जोड्यांचे पीळ ताणून येतील. केबलबरोबर एक नायलॉनची दोरीही ओढून ठेवा, पुढच्या माणसासाठी. पेटीपाशी मीटरभर आणि भिंतीच्या बॉक्सपाशी फूटभर केबल सैल सोडा.

अंबडला पॅनेल बनवणारे वायरीवर चढवतात ते पिवळे नंबरचे फेरूल, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक नळ्या, मी वापरले. जॅक बसवायच्या आधी सरकवायचे, नंतर जात नाहीत. तेही दोन्ही टोकांना. माझी पद्धत साधी: मजला, खोली, क्रमांक. 'व-२-१' म्हणजे वरचा मजला, दुसरी खोली, पहिली केबल. मार्करने टेपवर लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत पुसतं.

जॅकमध्ये रंगांचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम 'बी' म्हणून ओळखला जातो. जॅकवर 'ए' आणि 'बी' दोन्ही छापलेले असतात, दोन्ही टोकांना एकच ठेवा. आणि जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. तो पीळच बाहेरची खरखर मारतो.

इथे दुसरा घोटाळा झाला. मी दोन दिवस गावाला गेलो, तेवढ्यात चार पॉइंटची तोंडं वायरमनने केली, म्हणजे जॅक बसवले. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला, एक ते आठ सगळे हिरवे. पण सूनबाईंच्या टेबलावर नेट रखडत होतं. उघडलं तर त्याने रंग स्वतःच्या डोक्याने लावले होते: केशरी जोडी, मग हिरवी जोडी, निळी, तपकिरी, अशा सरळ जोड्या. दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे टेस्टर बिचारा काय म्हणणार? प्रत्येक तार तर पोचतेय. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी व्हायला हवी, ती इथे दोन वेगळ्या जोड्यांतून जात होती आणि पीळ निकामी. म्हणून टेस्टरवर थांबू नका. प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून गिगाबिट लागतंय का बघा. १०० मेगाबिटवर अडलं तर तोंड पुन्हा करा. हे सगळं कपाटं भिंतीला लागायच्या आधी.

एलईडीच्या पट्ट्या

पीओपीत लपवलेल्या पट्ट्यांना लोक लांबून वायर टाकतात आणि मग पट्टी मंद का दिसते म्हणून विचारतात. हिशोब करून बघा. ६० वॅटची १२ व्होल्टची पट्टी ५ अँपिअर घेते. ॲडॅप्टर १५ मीटर लांब असेल तर वीज जाऊन-येऊन ३० मीटर चालते. दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेत तेवढ्यासाठी साधारण ०.४ ओहम विरोध. म्हणजे वाटेतच २ व्होल्ट खर्च, पट्टीला मिळाले १०. तीच पट्टी २४ व्होल्टची घ्या: करंट अडीच अँपिअर, २४ मधला एकच व्होल्ट गेला. २४ ची घ्या, आणि ॲडॅप्टर जवळ पण हात पोचेल असा ठेवा. तो पीओपीत गाडला तर जळेल त्या दिवशी पीओपी फोडाल.

गच्ची आणि पाऊस

तिसरी चूक पहिल्याच जुलैत कळली. गच्चीवरून पेटीत उतरणाऱ्या पाइपाचं तोंड मी सरळ वर ठेवलं होतं, वर टोपी घालून. पश्चिमेकडून पाऊस झोडपायला लागला की टोपी काय करणार? सकाळी पेटी उघडली तर राउटरखाली वाटीभर पाणी. आता ते तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलंय. कॅमेऱ्यापाशीही तसंच: केबल बॉक्सच्या खाली वीतभर लोंबू द्या आणि मग खालून वर आत न्या, म्हणजे पाणी तळाशी टपकतं, आत ओघळत नाही.

डिशचा पाइप गच्चीच्या अशा कोपऱ्यात काढा, जिथून आग्नेय दिशा मोकळी दिसते. आपल्याकडून डिशचं तोंड साधारण तिकडेच असतं. शेजाऱ्याचा मजला पुढे वाढणार असेल तर त्याचाही विचार करा. कंपाउंडच्या भिंतीपासून पेटीपर्यंत एक २५ चा पाइप रिकामा ठेवा, फायबरवाल्यासाठी. तो नसला की तो खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो.

मे-जूनच्या आणि परतीच्या पावसाच्या विजा लक्षात घेऊन, गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) आणि त्याला चांगलं अर्थिंग द्या. आवारात वेगळं आउटहाउस असेल तर तिथवर तांब्याऐवजी फायबर न्या. काचेतून वीज वाहत नाही. आणि राउटर आणि कॅमेऱ्यांचा स्विच (बटण नव्हे, कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात तो डबा) घराच्या इन्व्हर्टरवर जोडा. लाईट गेल्यावर कॅमेरेच बंद पडले तर ते लावून उपयोग काय?

पेटीच्या दाराला आतून वहीच्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून चिकटवली आहे: नंबर, खोली, कोपऱ्यापासून इंच. 'व-३-१' समोर लाल पेनाने 'स्लॅबमध्ये बंद' लिहिलंय. त्या खोलीची केबल जिन्याच्या भिंतीवरून पांढऱ्या केसिंग पट्टीतून गेली. पट्टी दिसायला नको म्हणून सौ.ने तिच्यावर कॅलेंडर लावलंय, दर महिन्याला पान उलटताना दिसतेच.